साखळी ते वेर्णा : एका मेकॅनिकल इंजिनियरची घडण

(दृश्य : साखळी–उसगाव रस्ता. कडेला उभे जुने टिप्पर.)

गोव्यात साखळीहून फोंड्याला जाणारी बस उसगाव-तिस्कावरून जाते. या पट्ट्यात खनिज वाहणाऱ्या टिप्परांची रांग कधी तुटत नसे. डिचोली-सत्तरीच्या खाणींतलं लोहखनिज नदीकाठच्या धक्क्यांवर यायचं आणि तिथून बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होड्या, भरून मांडवीतून मुरगाव बंदराकडे जायचं. सप्टेंबर 2012 मध्ये सरकारने खाणकाम थांबवलं आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही खाणकामाला स्थगिती दिली. मध्ये काही काळ काम सुरू झालं, पण फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायालयाने 88 खाण-लिजांचं (खाणपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा सगळं बंद.

आपण जिची गोष्ट सांगतो आहोत, ती 2012 मध्ये गावातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत होती. बाबा टिप्परांच्या गॅरेजचे फिटर. गाड्याच उभ्या राहिल्यावर गॅरेजमध्ये दुरुस्तीला यायचं काय? बाबांनी मग कुळागरांतले (पोफळीच्या बागांतले) पंप, भाताच्या गिरण्या, जे मिळेल ते दुरुस्त करायला घेतलं. शाळा सुटली की मुलगी त्यांच्याबरोबर. पाना धरायचा, बॅटरीचा उजेड पाडायचा, ग्रीसचा डबा पुढे करायचा.

(दृश्य : पोफळींच्या सावलीतली पंपाची खोली. मोटरीवर टेकवलेला लांब स्क्रू ड्रायव्हर.)

बाबांची एक पद्धत नीट पाहण्यासारखी आहे. चालू मोटरीत फिरता दांडा (शाफ्ट) पेलणाऱ्या बेअरिंगच्या घरावर ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवतात आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतात. मग डोळे मिटून ऐकतात. ‘पुढचं चांगलं आहे, मागचं वाजतंय.’ मोटर उघडली की बहुतेक वेळा तसंच निघतं. अशा माणसाला आपण ‘मेस्त्री’ म्हणतो आणि तिथेच थांबतो. त्याच्या कानात किती वर्षांचं निरीक्षण साठलेलं असतं, याची नोंद कुठल्याच प्रमाणपत्रावर नसते.

बारावीनंतर तिला फर्मागुढीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलला प्रवेश मिळाला. 1967 पासूनचं हे सरकारी कॉलेज, फी घराला झेपणारी. पण वर्ष 2020 चं. पहिले महिने मोबाइलच्या पडद्यावरच गेले. ड्रॉइंगची शीट घरच्या जमिनीवर पसरायची, मिनी ड्राफ्टर पाटावर बसवायचा. नेटवर्कसाठी मागच्या डोंगुलीवर जायचं. वर्कशॉपचा तास तर नावालाच होता. तो बाबांनी गॅरेजमध्ये भरवला. व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा पकडून कानस कशी सरळ चालवायची, काटकोन कसा तपासायचा, हे ती तिथेच शिकली. कॉलेज प्रत्यक्ष सुरू झालं, तेव्हा फिटिंगचा जॉब तिच्या हाताला नवा नव्हता.

गणित मात्र जड गेलं. फूरियरच्या पानावर, म्हणजे गुंतागुंतीची लाट साध्या लाटांत फोडण्याच्या गणितावर, ती बरेच दिवस अडून होती. ते कशासाठी शिकायचं हेच कळत नव्हतं.

(दृश्य : नदीकाठची बार्ज दुरुस्तीची गोदी.)

तिसऱ्या वर्षानंतरची इंटर्नशिप एका खासगी गोदीत झाली. सुरुवातीला तिला ऑफिसात बसवून नोंदवह्या भरायला दिल्या. बरोबरचे मुलगे स्लिपवेवर, म्हणजे बार्ज पाण्याबाहेर ओढून घेतात त्या उतारावर, उतरले होते. ही गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण आपल्याकडे मेकॅनिकलच्या मुलींच्या वाट्याला हे आजही येतं. तिने सुपरवायझरकडे जाऊन मोजमापाचं काम मागून घेतलं. बार्जच्या तळाचा पत्रा गंजून किती झिजला आहे, ते अल्ट्रासॉनिक गेजने बघायचं. रंग खरवडायचा, जेल लावायची, प्रोब टेकवायचा आणि आकडा खडूने पत्र्यावरच लिहायचा. आवाजाची लाट पत्र्याच्या पलीकडच्या कडेवर आपटून परत यायला लागलेल्या वेळावरून जाडी कळते. पत्रा न कापता आतलं सांगणारं यंत्र तिने पहिल्यांदाच हाताळलं. बाबांचा स्क्रू ड्रायव्हर तिला तिथेच आठवला आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ठरला.

(दृश्य : मोटरीवर चिकटवलेला सेन्सर, लॅपटॉपवर हलणारा आलेख.)

बेअरिंगच्या घरावर कंपन मोजणारा छोटा सेन्सर, त्याला जोडलेला मायक्रोकंट्रोलर, पुढे लॅपटॉप. खर्चाला मोठं काही नाही. खरा कस विचारात आहे. 6205 नंबरच्या बेअरिंगमध्ये नऊ गोळ्या असतात. बाहेरच्या कडीला खड्डा पडला की त्यावरून जाणारी प्रत्येक गोळी एक ठोका देते. गोळ्यांचा पिंजरा शाफ्टच्या सुमारे चाळीस टक्के वेगानेच फिरतो, म्हणून एका फेऱ्यात नऊ नव्हे, साधारण 3.58 ठोके. मोटर मिनिटाला 1440 फेरे घेत असेल तर सेकंदाला 24 फेरे आणि जवळपास 86 ठोके.

फूरियरच्या गणिताने कंपन फोडून काढलेल्या आलेखात 86 वर काहीच दिसेना. शाफ्टचा तोल, पट्ट्याची थरथर, पंपातलं पाणी, या सगळ्याच्या गोंगाटात एवढासा ठोका बुडून गेला होता. गाइड सरांनी वाट दाखवली. ठोका लहान असला तरी त्याने धातू उंच पट्टीत झणझणतो. तेवढीच पट्टी गाळून घे, तिची फक्त बाह्यरेषा काढ आणि मग मोज. तिने तसं केलं. 86 च्या आसपास स्पष्ट सुळका उभा राहिला, पुढे त्याच्या दुपटीवर दुसरा.

त्याच मोटरीला बाबांनी आधी स्क्रू ड्रायव्हर लावला होता. ‘मागचं,’ असं म्हणाले होते. बेअरिंग काढलं, धुतलं, बाहेरच्या कडीवर खड्डा होता. फूरियरची पानं तिला त्या दिवसापासून आपली वाटू लागली.

आमच्या मते तिच्या घडणीत कॉलेजइतकाच वाटा त्या गॅरेजचा आहे. मात्र कॉलेज नसतं तर हे ज्ञान एका कानापुरतंच राहिलं असतं, हेही तितकंच खरं. आता तो आकडा दुसऱ्याला दाखवता येतो, महिन्या-महिन्याला ताडून पाहता येतो. खड्डा मोठा होण्याआधी बेअरिंग बदलता येतं.

(दृश्य : वेर्णा औद्योगिक वसाहत, सकाळची पाळी.)

2024 मध्ये ती पदवीधर झाली. आज वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत देखभाल विभागात ट्रेनी आहे. चिलर, ब्लोअर, पाण्याचे पंप तिच्याकडे आहेत. मुलाखतीत तिला बायोडेटापेक्षा त्या 86 ठोक्यांबद्दलच जास्त विचारलं गेलं. कंपन-विश्लेषकांसाठी आयएसओ 18436-2 या मानकात चार श्रेणी आहेत, त्यातल्या पहिल्या श्रेणीच्या परीक्षेची तयारी ती कंपनीच्या बसमध्ये करते. जाऊन-येऊन बराच वेळ मिळतो.

गॅरेजसमोर अलीकडे पुन्हा एखाद-दुसरा टिप्पर लागू लागला आहे. मुलीने परत यावं असं बाबांना वाटत नाही. त्यांनी तिच्याकडे एकच मागणी केली आहे : तसा एक सेन्सर गॅरेजसाठीही बनवून दे, बाय. बोर्ड आणि तारा आणून झाल्या आहेत. डबा बाबाच पत्र्याचा करणार आहेत.