क्षितिज हरवलं की

(दृश्य : सीवूड्समधली गच्ची, रात्र, पाम बीच मार्गाचे दिवे)

कॅमेरा आम्ही मुद्दाम वाकडा लावलाय. रस्त्याच्या दिव्यांची रांग तिरकी दिसते, त्यामुळे ते चटकन लक्षात येतं. आता तोच कॅमेरा, तितकाच वाकडा, खाडीकडे. खाली तिवरं, पुढे पाणी, वर जुलैचे ढग. सगळं एकच काळं. कॅमेरा अजून वाकडाच आहे, पण आता ते ओळखून दाखवा. अंधारात विमान चालवणाऱ्याचंही असंच होऊ शकतं.

(दृश्य : ऐरोली, हौशी मंडळींचा सिम्युलेटर)

१६ जुलै १९९९. अमेरिकेचे दिवंगत अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा जॉन, एका इंजिनाचं पायपर साराटोगा घेऊन न्यू जर्सीतून निघाला तेव्हा रात्रीचे ८.३८ झाले होते. सोबत बायको आणि मेव्हणी. मेव्हणीला मार्थाज व्हिनयार्ड बेटावर सोडून दोघांना पुढे लग्नाला जायचं होतं. किनाऱ्यालगत गावांचे दिवे होते. शेवटचा टप्पा मात्र उघड्या समुद्रावरून, धुरकट हवेत. वादळ नाही, पाऊस नाही. बाहेर बघून विमान चालवायला तिथल्या नियमाने पूर्ण मुभा. इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं, म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणांवर विमान चालवायच्या परवानगीचं, त्याचं शिक्षण अजून चालू होतं.

(दृश्य : नेरूळ, फिरती खुर्ची)

डोळ्यांवर पट्टी बांधलेली ही मुलगी सांगतेय, "उजवीकडे फिरतेय." बरोबर. खुर्चीचा वेग आम्ही तोच ठेवला. काही सेकंदांतच ती म्हणते, "थांबली." खुर्ची फिरतेच आहे! मग खरंच थांबवली, तर म्हणते, "आता डावीकडे."

कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव. डोकं वळलं की द्रव मागे राहतो आणि मेंदूला वळण कळतं. वळण एकाच वेगाने चालू राहिलं की द्रवही तेवढ्याच वेगाने फिरू लागतो, आणि कान सांगतो, सगळं स्थिर आहे. दिवसा डोळे ही चूक सुधारतात. अंधाऱ्या समुद्रावर ते काय सुधारणार? वैमानिकाला वाटतं, आपण सरळ चाललोय. विमान हळूहळू कलत जातं, नाक खाली जातं, वेग वाढतो. तो घाबरून नाक वर ओढतो, पण विमान कललेलंच असल्यामुळे वळण आणखी घट्ट होतं.

हे समजावून मुलीला पुन्हा खुर्चीत बसवलं. पुन्हा तेच!

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने असे २० वैमानिक घेतले, ज्यांना फक्त बाहेर बघून उडवता येत होतं. बाहेरचं दिसणं बंद केलं. विसाच्या विसांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटंही नाहीत.

(दृश्य : पुन्हा सिम्युलेटर, उंचीचा काटा)

केनेडीचं साराटोगा विमान बेटाच्या अलीकडे उजवीकडे वळलं आणि मिनिटाला ४७०० फुटांहून जास्त वेगाने खाली आलं. तिघंही गेले. रात्रीच्या अंधारात, धुरकट हवेत वैमानिकाला दिशाभ्रम झाला, असं चौकशी अहवाल सांगतो.

(दृश्य : कृत्रिम क्षितिजाचं उपकरण, जवळून)

हे छोटं गोल यंत्र. वर निळं, खाली तपकिरी, मधली रेघ म्हणजे क्षितिज. कान काहीही ओरडो, या रेघेचं ऐकायचं. वाचायला सोपं, करायला महाकठीण; म्हणून तर त्याचं वेगळं रेटिंग.

आपल्याकडे सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी नुसतं बाहेर बघून उडणं बंद होतं. विमानतळाच्या परिसरातली काही स्थानिक आणि प्रशिक्षणाची उड्डाणं तेवढी सुटतात. नियम चांगलाच आहे. पण सह्याद्रीवरच्या पावसाळी ढगात शिरायला रात्र व्हावी लागत नाही, भर दुपारीही काचेबाहेर नुसता पांढरा पडदा असतो. म्हणून आमचं म्हणणं, स्वतःचं विमान हौसेने उडवणाऱ्यानेही हे रेटिंग घ्यावं, फक्त एअरलाइनवाल्यांनी नव्हे.

आणि शिकवून फरक पडतो. इलिनॉयच्या त्या वैमानिकांना ढगातून मागे फिरायची एक ठरावीक पद्धत शिकवली, पुन्हा बाहेरचं झाकलं. या वेळी जवळजवळ प्रत्येक फेरीत विमान सुखरूप मागे वळलं.