दोन पखाली वाइन, सोळा कोंबड्या

माद्रिदहून तोलेदो रेल्वेनं अर्ध्या तासावर. त्यामुळे बहुतेक सहली ते एका दिवसात उरकतात. ताहो नदीनं तीन बाजूंनी वेढलेल्या टेकडीवर चढायचं, कॅथीड्रल बघायचं, जेवायचं आणि परत. कॅथीड्रल बघाच, १२२६ मध्ये पाया घातलेली ती वास्तू चुकवण्यासारखी नाही. पण आज मी बोलणार आहे ते तिथून जवळच्याच सांतो तोमे नावाच्या लहानशा चर्चविषयी.

बाहेरून लक्षात राहतो तो त्याचा मनोरा. चौकोनी, विटांचा, नालेच्या आकाराच्या कमानींचा. चर्चचा कमी आणि मशिदीचा जास्त वाटावा असा. तोलेदो मुस्लिम राजवटीकडून सहाव्या अल्फोन्सो राजानं १०८५ मध्ये घेतलं, पण कारागिरांची जुनी पद्धत पुढे कित्येक शतकं चालू राहिली. या शैलीला मुदेहार म्हणतात, आणि हा मनोरा चौदाव्या शतकातला आहे.

त्याच शतकात, १३२३ साली, गोन्सालो रुईस नावाचा मोठा दानशूर माणूस वारला. ओर्गास गावाचा जहागीरदार. आज सगळे त्याला ‘काउंट ऑफ ओर्गास’ म्हणतात, पण काउंट ही पदवी त्या घराण्याला पुढे मिळाली. त्याला सांतो तोमेमध्येच पुरलं. दंतकथा अशी, की दफनाच्या वेळी संत स्टीफन आणि संत ऑगस्टीन स्वर्गातून उतरले आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी त्याला कबरीत ठेवलं.

जाताना त्यानं चर्चला एक वर्षासन लावून दिलं होतं. ओर्गासच्या गावकऱ्यांनी दरवर्षी द्यायचं: दोन मेंढ्या, सोळा कोंबड्या, दोन पखाली वाइन, दोन ओझी सरपण आणि ८०० मारावेदी (तेव्हाची नाणी) रोख. देवस्थानांचे जुने कागद ज्यांनी चाळलेत, त्यांना पुढचं सांगायला नको. दोनशेहून जास्त वर्षं गेल्यावर गावानं हात आखडता घेतला. चर्चचा पाद्री आंद्रेस नुन्येस गप्प बसणारा नव्हता. त्यानं १५६४ मध्ये दावा लावला आणि १५६९ मध्ये वायादोलिदच्या न्यायालयात तो जिंकला. एवढ्यावर न थांबता त्यानं कबरीपाशी लॅटिन शिलालेख बसवला. त्यात चमत्काराची हकिगत आहे, आणि येणं-देणंही आहे.

मग १५८६ मध्ये त्यानं त्याच कबरीच्या वर लावायला त्या चमत्काराचं एक चित्र सांगितलं. चित्रकार त्याच पॅरिशमध्ये, म्हणजे या चर्चच्याच हद्दीत, राहणारा, मूळचा क्रीट बेटावरचा, व्हेनिस आणि रोम करून इथे स्थिरावलेला. लोक त्याला नुसतं एल ग्रेको, म्हणजे ‘ग्रीक’ म्हणत. स्पेनच्या दुसऱ्या फिलीप राजानं एस्कोरियल या आपल्या मठ-राजवाड्यासाठी त्याच्याकडून एक चित्र करून घेतलं होतं, पण ते राजाला पसंत पडलं नव्हतं. म्हणजे दरबाराची वाट तशी बंदच.

हे चित्र साडेतीन मीटरहून रुंद आणि पावणेपाच मीटरहून उंच आहे. लोक आत येतात, मान वर करतात, फोटो काढतात, निघतात. मी म्हणेन, आधी खाली बघा. चिलखतातला मृतदेह दोघा संतांनी उचललाय. ऑगस्टीन म्हातारा, खांद्यांकडून; स्टीफन तरुण, पायांकडून. स्टीफनच्या वस्त्राच्या काठाशी भरतकामासारखं एक छोटं चित्र काढलंय: त्याला स्वतःला लोक दगडांनी मारतायत. चित्रात चित्र. संत ज्या बाजूला वाकलेत तिथे, चौकटीच्या खाली, खरी कबर आहे. म्युझियमच्या भिंतीवर हे कसं जमणार? म्हणून हे जागेवरच बघायचं.

मागे काळ्या कपड्यांतल्या, पांढऱ्या झालरीच्या गळपट्ट्यांतल्या माणसांची रांग आहे. हे सोळाव्या शतकातले तोलेदोकर. दफन १३२३ चं, हजेरी मात्र चित्रकाराच्या समकालीनांची. वर स्वर्गात बसलेल्यांत फिलीप राजाही आहे असं मानतात, आणि तेव्हा तो चांगला जिवंत होता! पुढे मशाल धरून उभा असलेला मुलगा म्हणजे एल ग्रेकोचा होर्हे मान्युएल. त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या रुमालावर बापाची ग्रीक लिपीतली सही आहे, आणि साल १५७८, मुलाच्या जन्माचं.

चित्र १५८८ मध्ये पुरं झालं आणि पैशांवरून पुन्हा वाद. मूल्यमापन करणाऱ्यांनी १२०० दुकाद (सोन्याची नाणी) ठरवले. पाद्रीबुवांना ते फार वाटले, म्हणून त्यांनी फेरमूल्यांकन मागितलं. नव्या माणसांनी आकडा सांगितला १६००! बरीच ओढाताण होऊन शेवटी एल ग्रेकोनं पहिलेच १२०० घेतले.