आयरिस: ओळख वाढते तशी

श्रोतेहो, नमस्कार.

आयरिस पहिल्यांदा पाहणाऱ्याला रंग दिसतो, आणि तेवढ्यानंही डोळे निवतात. पण जो माळी हे झाड वर्षानुवर्षं सांभाळतो, त्याला त्याच फुलात दर हंगामात नवं काहीतरी सापडत जातं. मला आज त्या आनंदाबद्दल बोलायचंय.

दाढीवाल्या आयरिसचं फूल न तोडता जवळून बघा. तीन पाकळ्या उभ्या, तीन खाली झुकलेल्या. झुकलेल्या पाकळीवर मऊ केसांची पट्टी असते, हीच ती दाढी. तिच्यावर आणखी एक पाकळी वाकलेली दिसते, पण ती पाकळी नव्हेच. ती स्त्रीकेसराची शाखा. तिच्याखाली पुंकेसर दडलेला असतो आणि खाली मधमाशीपुरता बोगदा. माशी आत शिरताना शाखेच्या टोकाजवळचा एक पातळ पापुद्रा तिच्या पाठीवरचे आधीच्या फुलाचे पराग खरवडून घेतो. पुढे गेली की या फुलाचे पराग पाठीला लागतात. ती मागे फिरते तेव्हा पापुद्र्याची पराग स्वीकारणारी बाजू मिटलेली राहते, म्हणून त्याच बोगद्यातले पराग सहसा तिथं लागत नाहीत. एका फुलात असे तीन बोगदे! हे उमगलेला माणूस फुलापुढून लवकर हलत नाही.

फुलं ओसरली तरी बघण्यासारखं बरंच उरतं. या आयरिसच्या गड्ड्याची पाठ मातीबाहेर, उन्हात हवी. खोल पुरला तर फुलं रुसतात. एक गड्डा एकदाच फुलतो, पुढचा बहर त्याच्या कुशीतून फुटलेल्या नव्या गड्ड्यांचा. त्यामुळे जाणत्या माळ्याला नुसत्या पानांच्या पंख्यांतही पुढचं वर्ष दिसतं.

जुन्या-नव्या जाती शेजारी लावल्या तर आणखी एक गोष्ट कळते. युरोपातल्या जुन्या उंच आयरिसची गुणसूत्रं बहुधा 24 असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केंब्रिजचे शरीरशास्त्रज्ञ मायकेल फॉस्टर यांनी तुर्कस्तानच्या बाजूची मोठ्या फुलांची झाडं मिळवली आणि संकरात वापरली. त्या झाडांची गुणसूत्रं दुप्पट होती, हे मात्र पुढं कळलं. आजच्या बहुतेक उंच जाती 48 गुणसूत्रांच्या आहेत. नव्या फुलाची रुंद, भरदार पाकळी पाहताना हा इतिहास डोळ्यांपुढं येतो. मला तरी जुन्या फुलांची नाजूक ठेवणही तितकीच प्रिय आहे.

आणि बोगद्याची रचना समजली की माशीचं काम स्वतः करून पाहावंसं वाटतं. चिमट्यानं एका फुलाचा पुंकेसर काढायचा, दुसऱ्याच्या पापुद्र्यावर अलगद घासायचा आणि देठाला आईबापांच्या नावाची चिठ्ठी बांधायची. शेंग धरली तर बी मिळतं, आणि त्या रोपाला फूल यायला साधारण दोन-तीन वर्षं लागतात. एकाच शेंगेतली भावंडंसुद्धा एकसारखी निघत नाहीत. म्हणून प्रत्येकाची पहिली कळी उमलेपर्यंत एकही रोप उपटू नका.

नमस्कार.