सग्वारो आणि बफेल गवत

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टूसॉन शहराला लागून सांता कॅटलिना पर्वतरांग आहे. पायथा साधारण 800 मीटरवर, तर माउंट लेमन हे शिखर 2,791 मीटरवर. खाली निवडुंग, वर ओक, मग पाँडेरोसा पाइन आणि माथ्याजवळ, उत्तरेच्या उतारावर, चक्क फर. वनस्पतिशास्त्रज्ञ सारा प्लमर लेमन 1881 साली इथे चढून गेल्या. शिखराला नाव त्यांचंच.

आज बोलायचंय ते खालच्या पट्ट्याबद्दल, कारण खरी काळजी तिथली आहे. तिथे सग्वारो निवडुंग वाढतो. त्याचं रोप पालो व्हर्देसारख्या झाडाच्या सावलीत रुजतं आणि पहिल्या आठ वर्षांत जेमतेम तीन-चार सेंटीमीटर वाढतं. फांद्या फुटायला बहुधा पन्नास-पाऊणशे वर्षं जातात. गिला सुतारपक्षी त्याच्या खोडात ढोली कोरतो, पण लगेच राहायला जात नाही. जखमेवर टणक साल धरून आतली पोकळी वाळेपर्यंत काही महिने थांबतो. त्यानं सोडलेल्या ढोलीत एल्फ आउल हे जेमतेम चाळीस ग्रॅमचं घुबड संसार थाटतं. जूनअखेरीस इथले मूळनिवासी तोहोनो ओओधम लोक वाळलेल्या सग्वारोच्याच खोडातल्या लाकडी फासळ्या जोडून लांब आकडी करतात, फळं पाडतात आणि गर उकळून पाक आटवतात. पाऊस यावा म्हणून करायच्या विधीतलं पेयही याच पाकाचं.

या उतारांवर झाडाझुडपांत मोकळी जमीन असे, म्हणून आग पसरत नसे. गुरांच्या चाऱ्यासाठी आणलेल्या आफ्रिकेतल्या बफेल गवतानं, म्हणजे अंजन गवतानं, ती जागा भरून टाकली. वणव्यानंतर गवत बुडख्यातून पुन्हा फुटतं, सग्वारो मात्र मरतो. शंभर वर्षांचं झाड असं जाताना पाहणं फार क्लेशदायक आहे.

उपाय मेहनतीचा आहे. पाऊस पडून जमीन ओली असताना पहार बुडख्याखाली घालून अख्खा ठोंब उपटायचा. नुसतं कापलं किंवा बुडखा तुटून आत राहिला, तर पुन्हा कोंब येतात. तुरे आले असतील तर आधी ते पिशवीत भरायचे, नाहीतर ओढताना बी सांडतं. तणनाशक मारायचं तर निम्म्याहून अधिक पानं हिरवी असतानाच, कारण वाळलेलं पान औषध शोषत नाही. मातीतलं बी काही वर्षं जिवंत राहतं, त्यामुळे त्याच जागी दर पावसाळ्यानंतर पुन्हा जावं लागतं.