एक प्रिंट, दोन टॉकीज

नमस्कार श्रोतेहो. सिनेमा थिएटरपर्यंत पोचतो कसा, यावर आज बोलायचं आहे.

पूर्वी तो डब्यांतून यायचा. पत्र्याचे गोल डबे, आत 35 एमएमची फिल्म. सेकंदाला 24 चित्रं, मिनिटाला 90 फूट. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे साडेतेरा हजार फूट. पुन्हा सांगतो, साडेतेरा हजार फूट, म्हणजे चार किलोमीटरहून जास्त! अशी प्रिंट महाग, म्हणून ती आधी मोठ्या शहरात, मग आपल्या सोलापुरात, मग तालुक्याला आणि शेवटी जत्रेतल्या तंबूत जायची. तंबूत अंधार पडल्याशिवाय खेळ नाही. तोवर प्रिंट इतकी घासलेली असायची, की भर उन्हातल्या प्रसंगातही पाऊस पडताना दिसे.

कधीकधी एकच प्रिंट दोन टॉकीजना पुरवायची. एकीकडं खेळ तीनला, दुसरीकडं पावणेचारला. इथं रीळ संपलं की सायकलवरून तिथं. ती सायकल दोन वर्षं मी चालवली. अकरावी-बारावीत होतो, घरी अर्थातच सांगितलं नव्हतं.

तर 13 जानेवारी, गड्ड्याचे, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेचे दिवस. शहरातल्या अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला सातही नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, मिरवणुकीनं निघालेले. मी कॅरिअरला दोन डबे बांधून गल्लीतून बाहेर आलो, तर समोर बाराबंदी घातलेल्या माणसांचा पांढरा समुद्र. आता नंदीध्वजाला आडवं जायची कुणाची छाती आहे? उतरलो, हात जोडले. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ म्हणून मीही ओरडलो. पहिला नंदीध्वज गेला. दुसरा गेला. सात म्हणजे सात, श्रोतेहो! सातवा गेला, तेव्हा पाऊण तास झाला होता.

तिकडं नायिकेच्या गळ्यात हार पडणार, तेवढ्यात पडदा पांढरा. शिट्ट्या, बाकडी आपटणं. मॅनेजरनं चहा पावडरीच्या जाहिरातीची स्लाइड लावली, दिवे लावले आणि दुसऱ्यांदा इंटरव्हल जाहीर केलं. (इंटरव्हल हवंच, बरं का. हल्ली ते नकोच म्हणणारे भेटतात. त्यांना मिरचीभजी गरम खायची असते हेच ठाऊक नाही.)

मी धापा टाकत जिना चढलो. ऑपरेटरकाकांनी डबा हिसकावला. “कुठं मेलतास बे?” एवढंच बोलले, कारण हात रीळ चढवण्यात गुंतले होते. खाली उतरलो तर कॅन्टीनवाले मामा दारात उभे. म्हटलं, आता इथंही शिव्या. त्यांनी कागदात चार भजी बांधून दिली. त्या दिवशी त्यांची कढई दोनदा रिकामी झाली होती. हळूच म्हणाले, “उद्या अक्षतेची मिरवणूक हाय. उद्याबी त्याच रस्त्यानं ये बे.”

असो, वेळ होत आली. मल्टिप्लेक्सचं थोडक्यात सांगतो. आपल्या देशात ते 1997 मध्ये दिल्लीत सुरू झालं. एका छताखाली चार-पाच पडदे, त्यामुळं कमी गर्दीचा सिनेमा छोट्या पडद्यावर तग धरू शकतो. हिंदी सिनेमाच्या वितरकाला पहिल्या आठवड्यात तिकिटांच्या उत्पन्नातला साधारण निम्मा वाटा, पुढं तो उतरत जातो, म्हणून सगळी धावपळ पहिल्या शुक्रवारची. आपल्या पूर्वभागात, म्हणजे शहरातल्या तेलुगू भाषिकांच्या वस्तीत, तेलुगू सिनेमाला गर्दी होते, तिला मात्र कुठलाच वार लागत नाही.

आता रीळ नाही. सिनेमा हार्डडिस्कवर किंवा उपग्रहावरून येतो, त्याला कुलूप असतं आणि किल्ली म्हणजे आकड्यांची फाईल. ठरलेल्या तारखेआधी ती चालत नाही, मुदत संपली की बंद. मुंबईत आणि सोलापुरात सिनेमा एकाच दिवशी लागतो, ही मोठीच सोय.

मागच्या महिन्यात एका मल्टिप्लेक्समध्ये गेलो होतो. किल्ली लागेना, वीस मिनिटं पडदा काळा. एक शिट्टी नाही, श्रोतेहो. सगळे मोबाईल काढून बसले. मी उठून बाहेर आलो, भजी कुठं मिळतात का बघायला. काउंटरवर नुसतं पॉपकॉर्न.

नमस्कार.