७३वं मिनिट, सोलापूर

(मागांचा खडखडाट. आवाज खाली येतो. निवेदन सुरू.)

११ जून २०२४. सोलापूरचा पूर्व भाग. टॉवेलच्या कारखान्यांत रात्रपाळी चालू आहे, आणि समोरच्या चहाच्या गाडीवर सात-आठ जण एका मोबाइलवर वाकलेत. दोह्यातला सामना संपलाय. कतार २, भारत १. फुटबॉल विश्वचषकाच्या पात्रता स्पर्धेतून भारत बाहेर.

कुणीही घरी जायला तयार नाही.

फुटबॉल म्हटलं की महाराष्ट्र कोल्हापूरकडे बघतो. तिथले पेठांचे संघ, तिथलं शाहू स्टेडियम. ते रास्तच आहे. पण भारताचा सामना असला की झोप सोडून बघणारी, नियम तोंडपाठ असलेली माणसं सोलापुरातही आहेत. यात मागांची दुरुस्ती-देखभाल बघणारा जॉबर आहे, रिक्षावाले मामा आहेत, शाळेतले क्रीडाशिक्षक आहेत. क्रिकेटवर बोलणाऱ्यांना माइक मिळतो. आज तो यांच्यासमोर धरला आहे.

(मोबाइलचा पडदा, जवळून. तडा गेलेली काच. क्लिप सुरू.)

७३वं मिनिट. भारत १-० नं पुढे. कतारला फ्री किक. युसुफ अयमन हेडर मारतो. भारताचा कर्णधार आणि गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू तो अडवतो, पण चेंडू हातात राहत नाही. तो गोलखांबाच्या बाजूनं रेषेपलीकडे जातो. गुरप्रीत जमिनीवरच आहे. आता बघा, कतारचा हाश्मी हुसेन पायानं चेंडू आत ओढतो, आणि अयमन तो जाळ्यात ढकलतो. आपले खेळाडू हात वर करून उभे आहेत. दक्षिण कोरियाचे पंच किम वू-सुंग सहायकाशी बोलतात. आणि गोल देतात.

जॉबर क्लिप थांबवतो, मागे नेतो, पुन्हा थांबवतो. “लाइनमन कुठं बघायलाय बे?”

चेंडू आणि रेषा यांच्यामध्ये हिरवं गवत दिसतं. या मोबाइलवरही दिसतं.

(खडू. रस्त्यावर उमटणारी पांढरी रेघ. दोन मोबाइलचे टॉर्च.)

इथं क्रीडाशिक्षक सर उठतात. कारखान्यातून खडू मागवतात आणि काँक्रीटवर रेघ ओढतात. एक नाही, दोन. मधलं अंतर चार बोटांहून जास्त. गोलरेषा जास्तीत जास्त १२ सेंटिमीटर रुंद असू शकते, आणि ती सगळी रुंदी मैदानाच्या आतली धरतात. गल्लीतलं एक पोरगं घरातून चेंडू घेऊन येतं. त्याचा घेर साधारण ७० सेंटिमीटर, म्हणजे आडवं माप २२ सेंटिमीटरच्या आसपास.

सर चेंडू रेषेवर ठेवतात. आत. जरा बाहेर सरकवतात. चेंडू जिथं जमिनीला टेकलाय ती जागा आता रेषेच्या पलीकडे आहे. “बाहेर!” सगळे एकदम ओरडतात. सर मान हलवतात. ते पोराला वरून बघायला लावतात. चेंडूचा फुगीर भाग अजून रेषेच्या वर आहे, आणि फुटबॉलचा नियम ९ सांगतो की अख्खा चेंडू अख्खी रेषा ओलांडून गेला, जमिनीवरून असो की हवेतून, तरच तो बाहेर.

मामांना लगेच जपान आठवतो. १ डिसेंबर २०२२, विश्वचषक, जपान विरुद्ध स्पेन. मितोमानं गोलरेषेवरून परत मारलेला चेंडू टीव्हीवर सगळ्या जगाला बाहेर गेलेला वाटला होता. व्हीएआरनं, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय पडताळणाऱ्या पंचांनी तपासलं, तर दोन मिलिमीटरहूनही कमी भाग रेषेवर होता. गोल टिकला, जपान जिंकला. तो सामनाही कतारमध्येच झाला होता.

सर चेंडू अजून पुढे ढकलतात. आता चेंडू आणि रेघ यांच्यामध्ये बोट जातं. पोरगं बोट घालून दाखवतं. सर म्हणतात, दोह्यात हे असं होतं. गुरप्रीतचा हात शेवटचा लागला होता, तेव्हा कतारला कॉर्नर मिळायला हवा होता. गोल नाही.

(रेघेवर ठेवलेला चेंडू. निवेदन नाही. वर्तुळात उभे असलेले चेहरे.)

मग व्हीएआर कुठं होतं? आशियाच्या पात्रता स्पर्धेत दुसऱ्या फेरीला ते नव्हतंच. ते होतं तिसऱ्या फेरीपासून. ज्या फेरीत भारतासारखे देश एकेका गुणासाठी झगडतात, तिथं पंचाचा डोळा हाच एक पुरावा, आणि पुढे गेलेल्यांना मात्र कॅमेरे. तिसऱ्या फेरीत भारत आजवर कधीच पोचला नव्हता. त्या दारापर्यंत जाताना ज्या तपासणीची गरज होती, ती दाराच्या आत ठेवली होती. हा अन्याय आहे, आणि तो एका पंचाच्या चुकीपेक्षा मोठा आहे.

सर मात्र ऐकत नाहीत. ते क्लिप पुन्हा लावतात आणि आता चेंडूकडे नाही, आपल्या बचावपटूंकडे बोट दाखवतात. शिट्टी वाजलेली नाही आणि हे थांबले आहेत. “शाळेतल्या पोरांना पहिल्या दिवशी काय शिकवतो मी?”

“सर, बाहेर गेलेल्या बॉलमागं कोण पळतंय?” जॉबर.

“जो शिट्टीची वाट बघतो तो.”

चहा परत येतो. वाद मिटत नाही.

मामा खिशातून पावतीपुस्तक काढतात आणि कोऱ्या पाठीवर गुण मांडतात. कतार आधीच पुढच्या फेरीत, गटातून उरलेली जागा एकच. सामन्याआधी भारत ५, अफगाणिस्तान ५, कुवेत ४. त्याच रात्री कुवेतनं अफगाणिस्तानला १-० हरवलं, म्हणजे कुवेत ७. भारताची बरोबरी झाली असती तर ६. मामा ८५व्या मिनिटाचा अहमद अल-रावीचा दुसरा गोल थेट खोडून टाकतात. तो झाला नसता तरी आपण बाहेरच होतो. जिंकलो असतो तर ८, आणि आत. म्हणजे आपल्याला घालवलं ते त्या ७३व्या मिनिटानंच. हा हिशेब ऐकून जॉबर गप्प होतो. त्याला हवं तेच उत्तर मिळालं आहे, तरीही.

(पावतीपुस्तकाचं पान, जवळून. पेन सरांच्या हातात जातं.)

आता सर त्याच पानावर दुसरा तक्ता लिहितात. २६ मार्च, गुवाहाटी, अफगाणिस्तान. छेत्रीचा पेनल्टीवर गोल ३८व्या मिनिटाला. मग आपल्यावर गोल ७०व्या आणि ८८व्या मिनिटाला. खाली दोहा. छांगटेचा गोल ३७व्या मिनिटाला. आपल्यावर ७३व्या आणि ८५व्या. दोन्ही वेळा आघाडी घेतली, दोन्ही वेळा १-२. गुवाहाटीत रेफरीनं काय केलं होतं, सर विचारतात. तो सामना घरच्या मैदानावर होता, आणि तिथं आघाडी टिकवून जिंकलो असतो तर दोह्याला जाताना जीव असा टांगणीला लागला नसता.

आघाडी मिळाली की संघ मागे सरकतो, मधली फळी आणि बचाव एकमेकांना चिकटतात, चेंडू सुटला की तो पुढे धरून ठेवणारा माणूस नसतो. शेवटची वीस मिनिटं पाय जड होतात. सहा सामन्यांत भारताचे गोल तीन: कुवेतमध्ये मनवीर, गुवाहाटीत छेत्रीची पेनल्टी, दोह्यात छांगटे. कोलकात्यात कुवेतशी ०-०. पाच दिवसांपूर्वी तिथंच सुनील छेत्री भारतासाठी ९४ गोल करून आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला. त्याच्या जागी नऊ नंबरला, म्हणजे गोलसमोरच्या मधल्या आघाडीच्या जागेवर, कोण? आयएसएल या देशातल्या मोठ्या लीगमधले क्लब ती जागा बहुतेक परदेशी खेळाडूला देतात, आणि आपली पोरं विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेनं खेळत मोठी होतात. या मुद्द्यावर मात्र गाडीभोवतीच्या सगळ्यांचं एकमत आहे.

भारतीय फुटबॉल महासंघानं तक्रार केली, चौकशी मागितली. निकाल तोच राहिला. प्रशिक्षक इगोर श्तिमाच यांना १७ जूनला काढलं.

(सकाळ. शाळेचं मैदान. धूळ.)

सरांचा सराव. चेंडू मुद्दाम रेषेबाहेर मारला जातो, आणि जोवर शिट्टी होत नाही तोवर पोरांनी खेळत राहायचं. जो थांबेल त्याला मैदानाची एक फेरी. विंगवर पळणाऱ्या एका मुलीला सरांनी आज मध्ये आणलंय, नऊ नंबरला. तिला पाठ गोलकडे करून चेंडू घ्यायची सवय नाही. तिसऱ्या पासला ती पडते, उठते, पुन्हा मागते.

पाळी संपवून जॉबर कुंपणापाशी आलाय. हे सगळं ठीक आहे सर, तो म्हणतो, पण दुसऱ्या फेरीला कॅमेरा लावल्याशिवाय काही खरं नाही. सर शिट्टी तोंडातून काढतात आणि त्याला गुवाहाटीची आठवण करून देतात.