कमळातला ळ

(सिंगापूरमधल्या आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात रविवारच्या मराठी वर्गाच्या पालकांसमोर केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून.)

नमस्कार मंडळी. जेवणाच्या आधी मला उभं केलंय, म्हणजे मी आटोपतं घेईन अशी संयोजकांची समजूत दिसते. बघू या.

गेल्या महिन्यात वर्गात फळ्यावर कमळाचं चित्र काढलं आणि मुलांना नाव लिहायला सांगितलं. नऊपैकी सहा जणांनी लिहिलं, ‘कमल’. वाचतानाही तेच. कमल, बाल, तिलगूल. त्या दिवशी माझ्या लेकाचा तमिळ दोस्त नुसता सोबत म्हणून आला होता, मागच्या बाकावर पाय हलवत बसला होता. त्याला म्हटलं, तू म्हण बघू माझ्यामागून. तो म्हणाला, ‘कमळ’. ळ असा खणखणीत की कऱ्हाडच्या माझ्या आजीनं त्याच्या हातावर खडीसाखर ठेवली असती. आणि मग विचारतो, ‘आंटी, म्हणजे काय?’

सगळे हसलो. घरी जाताना मात्र माझ्या लक्षात आलं, ह्यात मुलांची चूक नाही. ती शाळेत हिंदी शिकतात आणि शाळेतल्या हिंदीत ळ लागतच नाही. तमिळमध्ये तो आहे. शिवाय त्याचा एक चुलतभाऊही आहे, ‘तमिळ’ ह्या नावाच्याच शेवटी येतो तो. आपण त्याच्या जागी सरळ ळ लिहून मोकळे होतो, कारण तो आपल्याला जमत नाही.

नव्यानं सिंगापूरला आलेल्यांसाठी सांगते. इथे शाळा इंग्रजी माध्यमाची, पण मातृभाषा हा सक्तीचा विषय. चिनी मुलांना मँडरिन, मलय मुलांना मलय, भारतीय मुलांना तमिळ. तमिळ नको असेल तर हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी किंवा उर्दू घेता येते. ह्या यादीत मराठी नाही. दर वर्षी आपल्यातलं कुणीतरी निवेदनाची टूम काढतं. काढा, मीही सही करीन. पण मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले आणि त्याच आठवड्यात वर्गाला पाच मुलं आली होती, हेही लिहून ठेवा.

ह्या देशानं भाषांचा एवढा खटाटोप का केला? १९६४ साली इथे दंगली झाल्या, चिनी आणि मलय लोकांमध्ये. जुलैमध्ये २३ माणसं मेली, सप्टेंबरमध्ये आणखी १३. दंगल भाषेवरून झाली नव्हती, राजकारण होतं, धर्म होता. पण एकमेकांची बोली कळत नसलेल्या वस्त्यांत अफवा किती जोरात पळत असेल, विचार करा. पुढच्या वर्षी देश स्वतंत्र झाला, चार भाषा अधिकृत झाल्या आणि १९६६ पासून माध्यमिक शाळेत दुसरी भाषा सक्तीची झाली. इंग्रजी सगळ्यांना सारखीच परकी, म्हणून ती सामाईक. घरची भाषा अभ्यासात, म्हणून कुणाला आपलं काही हिरावलं गेलं असं वाटू नये. हिशोब पक्का होता.

श्रीलंकेच्या उत्तरेतल्या जाफन्याकडे मूळ असलेली बरीच तमिळ कुटुंबं इथे आहेत. त्यांच्याकडून उलटा हिशोब ऐकावा. श्रीलंकेत १९५६ साली एकट्या सिंहलीला राजभाषा केलं. तमिळ कारकुनांना सिंहली येत नाही म्हणून बढत्या बंद झाल्या. ‘दोन भाषा तर एक देश, एक भाषा तर दोन देश’ असं तिथले डावे नेते कोल्विन डी सिल्व्हा तेव्हाच बजावून गेले होते. तिथे दोन्हीकडची मुलं आपापल्या भाषेत उत्तम साक्षर होत होती, पण वेगवेगळ्या माध्यमांत, आणि एकमेकांचं अक्षर न वाचता. १९८१ मध्ये जाफन्याचं ग्रंथालय जाळलं गेलं, सुमारे ९७ हजार पुस्तकांसकट. तमिळही अधिकृत भाषा असेल असं घटनेत यायला १९८७ उजाडलं.

सिंगापूरचं सगळं गोड आहे असंही नाही. आमच्या इमारतीखाली बाकावर एक चिनी आजी बसतात. त्यांची भाषा होक्कियन. १९७९ पासून सरकारनं ‘मँडरिन बोला’ची मोहीम चालवली, रेडिओ-टीव्हीवरून बाकीच्या चिनी बोली हटवल्या. आज आजींच्या नातीला इंग्रजी येतं, मँडरिन येतं. आजींना दोन्ही धड येत नाही. नात शाळेतून येते, आजी डबा उघडून फळाच्या फोडी पुढे करतात, ती खाते आणि दोघी लिफ्टकडे जातात. रोज बघते मी. लिफ्टमधली सूचना चार भाषांत असते, त्यातली एकही आजींची नाही.

आणि अजून एक. मातृभाषेच्या तासाची घंटा झाली की वर्ग फुटतो. चिनी मुलं एका खोलीत, मलय दुसऱ्या, तमिळ तिसऱ्या; आपली बरीच मुलं तर शनिवारी वेगळ्या केंद्रावर. प्रत्येकाला स्वतःचं वाचता येतं. शेजाऱ्याचं कोण वाचणार? आपला रविवारचा वर्गही तसाच आहे, दार लावून घेतलेला. मला खटकतं ते हे.

माझी आई तीन महिन्यांसाठी आली होती. तिला इंग्रजी चार शब्द. एका दुपारी पलीकडच्या मलय मावशी दारात उभ्या, डोक्याला हात लावून म्हणतात, ‘साकित कपाला’. मी कॉलवर होते. आतून फक्त आईचा आवाज आला, ‘अगं बाई, कपाळ दुखतंय होय? बस.’ कॉल संपवून बाहेर येते तर मावशींच्या कपाळावर सुंठेचा लेप! मलयमध्ये कपाला म्हणजे डोकं, आपलाच संस्कृत शब्द समुद्र ओलांडून गेलेला. भाषेला ते ‘बहासा’ म्हणतात, नावाला ‘नामा’. जाताना आईनं अशा बावीस शब्दांची यादी नेली, समोर मावशींकडून रोमनमध्ये लिहून घेतलेली. निरोप घेताना दोघी रडल्या, कुठल्या भाषेत ते विचारू नका.

तर मागणं एवढंच आहे. पुढच्या महिन्यापासून वर्गाचा शेवटचा अर्धा तास तमिळ लिपीचा ठेवू या, मुलांसाठी आणि पालकांसाठीही. त्या कमळवाल्या मुलाची आई शिकवायला तयार आहे. बदल्यात तिला देवनागरी हवी आहे. आपल्या मुलाच्या दोस्ताच्या वहीत काय लिहिलंय ते तिला वाचायचंय. नंतर जमलं तर मलय. कुणी म्हणेल, इथे मराठीचेच वांधे आणि तुम्ही तमिळ कुठे काढता? अहो, तंजावरला आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तमिळ बोलत राहिली, राज्यही केलं, आणि तरी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत कोरून ठेवला. आपल्या मुलांचा ळ परत येईल तोही बहुधा तमिळच्याच वाटेनं.

वही आखीव आणू नका, चौकटीची आणा; तमिळ अक्षरं गोल असतात, ती रेघांवर बसत नाहीत. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, मी डिसेंबरला येतेय, माझं नाव आधी घाल. घातलंय. तिच्या खाली जागा रिकाम्या आहेत, कागद पाण्याच्या टेबलापाशी ठेवलाय.